भित्रा वाघ्या आणि आमचं कुंपण

रविवारी सकाळी चहाचं आधण ठेवलं आणि दारात शेजारच्या काकू उभ्या. एका हातात दोन मेलेल्या कोंबड्या, दुसऱ्या हातात आमच्या वाघ्याचा तुटलेला पट्टा. "अगं, तुझं कुत्रं सांभाळ. पुन्हा आलं तर मी बघणार नाही कुणाचं आहे ते." त्यांचं तरी काय चुकलं? अंडी विकून त्यांचा आठवड्याचा बाजार होतो. मी कोंबड्यांचे पैसे दिले, त्यांनी ते मोजून घेतले. पण बचत गटाच्या पुढच्या बैठकीला काकू माझ्या शेजारी बसल्या नाहीत.

परसातून कुत्रा निसटतो, ही काय पेपरात लिहायची गोष्ट झाली का, असं तुम्हाला वाटेल. पण मैत्रिणींनो, खेड्यात आणि लहान गावात किती भांडणं या एका कारणावरून होतात ते आठवून पाहा. कुणाची कोंबडी जाते, कुणाचं पोर घाबरून पडतं, पोरांनी कोपऱ्यात गाठलं की घाबरलेला कुत्रा चावतो. शेवटी एक दिवस तो गाडीखाली येतो किंवा कुणीतरी विष घालतं. आणि दोष सगळा त्या मुक्या जिवाचा. 'उंडगा आहे,' म्हटलं की विषय संपला.

आमचं घर तिकोणा पेठेत, गडाच्या पायथ्याशी. मागे तिकोणा, समोर पवना धरणाचं पाणी, पाण्यापलीकडे तुंग. घराभोवती थोडी जागा आहे, तिथं भाजी, पेरू, दोन आंबे आणि चहूबाजूंनी तारेचं कुंपण. पहिल्या चार वेळा वाघ्या पळाला तेव्हा सगळ्यांनी एकच उपाय सांगितला, बांधून ठेवा. ह्यांनी बाजारातून जाड लोखंडी साखळी आणली. दोन दिवसांत वाघ्याच्या मानेचे केस गेले, कातडी लाल झाली आणि रात्रभर त्याचं रडणं. बरं, आमच्या भागात बिबट्याचा वावर आहे. अंगणात बांधलेला कुत्रा म्हणजे त्याच्यापुढे वाढलेलं ताटच. साखळी मी तिसऱ्या दिवशी काढली. पट्टा मात्र गळ्यात ठेवला, त्यावर फोन नंबर लिहून.

हे नुसतं माझं मऊ मन नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा आहे. त्याच्या कलम ११ प्रमाणे जनावराला अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. कायम बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला हिंडवून न आणणं हाही गुन्हा आहे. आपल्याकडे दहा घरांपुढून चाला, हा कायदा किती घरांना माहीत आहे ते दिसेल. बांधलेला कुत्रा पळत नाही हे खरं. पण तो का पळत होता, हे बांधल्यावर कुणी विचारतही नाही.

वाघ्या का पळतो? नाव वाघ्या, पण काळीज सशाचं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, ते कोकणातून घाट चढून मावळातही शिरलं. विजेचे खांब आडवे झाले, घरांचे पत्रे उडाले, फुलांची पॉलिहाऊस फाटली. दुसऱ्या दिवशी गोठ्याच्या पडलेल्या पत्र्याखाली एक पिल्लू सापडलं, भिजलेलं, थरथरणारं. तोच वाघ्या. त्याच्या आईचा पत्ता लागला नाही. सासूबाई म्हणाल्या, दत्ताच्या पायाशी असतात तसलं आहे, राहू दे. तेव्हापासून तो आमच्याकडे आहे. पत्रा वाजला की आजही त्याची शेपटी पायांत जाते.

बी.ए.ला मला मानसशास्त्र होतं. पावलॉव्हची घंटा आणि कुत्र्याची लाळ एवढं परीक्षेपुरतं पाठ केलेलं. त्याच पावलॉव्हच्या कुत्र्यांची दुसरी एक गोष्ट मात्र वाघ्यामुळे माझ्या वाचनात आली. सप्टेंबर १९२४ मध्ये रशियातल्या लेनिनग्राड शहरात मोठा पूर आला आणि प्रयोगशाळेच्या कुत्र्यांच्या खोल्यांत पाणी शिरलं. पाणी चढत गेलं, पिंजऱ्यांची दारं खालच्या बाजूला. माणसांनी कुत्र्यांना अक्षरशः पाण्याखालून ओढून बाहेर काढलं. जीव वाचले, पण त्यानंतर काही कुत्री आधी शिकवलेलं सगळं विसरली. पुढे त्यातल्या एकाच्या खोलीत दाराखालून पाण्याचा लहानसा ओघळ सोडला, तर तो पुन्हा तसाच बिथरला. हे वाचलं आणि मला आमचा गोठ्याचा पत्रा आठवला.

मग मी एक साधं काम केलं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आपण दुधाचा खाडा आणि गॅसचा नंबर लिहितो, तिथंच वाघ्या ज्या दिवशी पळेल त्या चौकोनात 'वा' लिहायला लागले. वेळ आणि पळण्याची जागाही. दोन महिन्यांनी कॅलेंडर समोर घेऊन बसले तर डोळे उघडले. बहुतेक 'वा' शनिवारच्या रात्रीचे. उरलेले वादळी वाऱ्याचे, आणि दोन भर दुपारचे, मी गटाच्या कामाला बाहेर गेले तेव्हाचे. म्हणजे हा पोरगा कोंबड्या खायला पळत नव्हताच. शनिवारी पवनेच्या काठाला तंबू लागतात, स्पीकरचा दणदणाट सुरू होतो, कुणाचा वाढदिवस असला की फटाके. पाण्यावरून तो आवाज थेट आमच्या ओटीवर येतो. वाघ्या आवाजाच्या उलट बाजूला जीव घेऊन सुटायचा आणि त्या वाटेवर काकूंचं खुराडं. फडफडणारी कोंबडी समोर आली की कुत्रं ते कुत्रंच.

तुमचा कुत्रा पळत असेल तर आधी एवढंच शोधा. तो कशापासून तरी पळतोय की कशाकडे तरी? नर मादीच्या मागे पळत असेल तर नसबंदीने पुष्कळदा फरक पडतो. भीती मात्र नसबंदीने जात नाही, वाघ्याची ती कधीच झालेली आहे. आणि कंटाळून पळणाऱ्याला रोज दोनदा लांबवर फिरवून आणलं की अर्धं काम होतं.

कुंपणाकडेही नीट पाहायला मी तेव्हाच शिकले. वाघ्या तीन जागांहून निघायचा. एक, मोरीचं पाणी जिथं जातं तिथं, कारण माती कायम मऊ. दुसरी, सरपणाच्या ढिगावरून. आम्हीच त्याच्यासाठी पायऱ्या रचून ठेवल्या होत्या म्हणा ना! आणि तिसरी, फाटक उघडं राहिलं की पायांतून. सरपण हलवलं. मोरीच्या बाजूला नुसते दगड लावले तर पहिल्या पावसात माती खचली आणि दगड बाजूला सारून हा बाहेर. मग कोंबड्यांच्या खुराड्याला वापरतात ती जाळी आणली. ती कुंपणाच्या आतल्या बाजूला दीड-दोन फूट जमिनीवर आडवी अंथरली, एक कड तारेला घट्ट बांधली, वर माती आणि मोठे काळे दगड. कुत्रा नेहमी कुंपणाच्या अगदी मुळाशी उकरतो, तिथं नखाखाली जाळी लागते, आणि दोन पावलं मागे सरून उकरावं हे त्याला सुचत नाही. फाटकाच्या आत बांबूचं आणखी एक छोटं फाटक केलं, एक लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही असा घरात नियम. धाकटी हा नियम आठवड्यातून एकदा तरी मोडतेच.

बाहेरची हालचाल दिसू नये म्हणून मी तारेला जुन्या साड्या बांधल्या आणि स्वतःवर खूश झाले. संध्याकाळी वारा सुटला, साड्या फडफडायला लागल्या आणि वाघ्या धान्याच्या खोलीत जाऊन बसला तो सकाळपर्यंत बाहेर आला नाही. साड्या सोडून तिथं कारवीचा कुड लावला. कुड फडफडत नाही.

कुणीतरी रानडुकरांसाठी शेताला लावतात ते झटका मशीन सुचवलं होतं. मी साफ नाही म्हटलं. घाबरलेला कुत्रा झटका सोसून एकदा बाहेर पडला की पुन्हा आत यायला धजत नाही. काटेरी तारेचंही तेच, तो अंग फाडून घेईल पण थांबणार नाही.

पण साड्यांनी एक फायदा केला, वाघ्याची जागा त्यानं स्वतःच दाखवून दिली. धान्याच्या खोलीत इंद्रायणी तांदळाची पोती रचलेली असतात, तिथं बाहेरचा आवाज दबतो. आता शनिवारी दिवसाउजेडी त्याला दमेपर्यंत फिरवून आणायचं, लवकर जेवण द्यायचं आणि पोत्यांमागे गोणपाट टाकून खोलीचं दार उघडं ठेवायचं. पंखा चालू, रेडिओ चालू. आत जायचं की नाही ते तो ठरवतो. घाबरला की जवळ घेते. त्यानं भीती वाढते असं पुष्कळ जण सांगतात, मला ते कधीच पटलं नाही. पोर घाबरलं तर आपण पाठ फिरवतो का?

मुलानं पत्रा वाजण्याचा आवाज मोबाइलवर भरून घेतला. तो इतका हळू लावायचा की वाघ्याचे फक्त कान हलावेत, आणि लगेच उकडलेल्या अंड्याचा तुकडा. काही दिवसांनी आवाज किंचित वाढवायचा, तो दबकला की पुन्हा कमी. घाई करून चालत नाही, मी एकदा केली आणि पंधरा दिवस मागे गेलो. दुपारी एकटं राहण्याचंही असंच शिकवलं. चप्पल घालायची, किल्ली वाजवायची, बाहेर जाऊन मिनिटाभरात परत यायचं, मग पाच मिनिटांनी, मग अर्ध्या तासानं. आणि पळून परत आला तर मारायचं नाही. मार पळण्याबद्दल होता हे त्याला कळत नाही, घरी येण्याबद्दल होता एवढंच कळतं. फारच भिणाऱ्या कुत्र्यांसाठी औषधं असतात, पण ती जनावरांच्या डॉक्टरांना विचारूनच. आपल्या डब्यातली गोळी तर अजिबात नको. रेबीजची लस दरवर्षी, हे वेगळं सांगायला नको.

आता जरा बाहेरच्यांबद्दल. धरणाच्या काठाला बंगले वाढलेत, शनिवार-रविवार मालक येतात, पाच दिवस कुत्रा आणि राखणदार. राखणीला म्हणून ठेवलेलं ते जनावर माणसासाठी झुरतं आणि भिंतीवरून उड्या मारतं. काही जण बंगला विकताना कुत्रा रस्त्यावर सोडून जातात. कारण नसताना पाळीव जनावर असं टाकून देणं हाही त्याच कलम ११ खाली गुन्हा आहे.

आणि आवाजाचं काय? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही, त्या वेळेत मोठ्या आवाजाचे फटाकेही उडवता येत नाहीत. तक्रारीला ११२ आहे. मात्र मी फोन न करता आधी महिला ग्रामसभेत विषय मांडला, कारण खरं सांगायचं तर त्या तंबूवाल्यांत आमच्याच गावची पोरं आहेत आणि त्यांच्या पाहुण्यांच्या पिठलं-भाकरीवर आमच्या गटाला चार पैसे मिळतात. पाहुणे नकोत असं म्हणायची माझी इच्छा नाही आणि ऐपतही नाही. दहानंतर स्पीकर बंद करा, एवढंच आम्ही म्हटलं. ग्रामसभेतल्या बायका आधी हसल्या, "कुत्र्यासाठी?" मग एकीनं तान्ह्या बाळाचं सांगितलं, एकीनं सासऱ्यांच्या छातीच्या दुखण्याचं, एकीनं दहावीच्या पोरीचं. दोन तंबूवाल्यांनी ऐकलं. तिसरा अजून 'बघतो' म्हणतोय. त्याच्याबद्दल मात्र आता फोन करावा लागेल असं दिसतंय.

वाघ्या पूर्ण बरा झालेला नाही. गेल्या तीन महिन्यांत कॅलेंडरवर एकच 'वा' आहे, तोही धाकटीनं आतलं फाटक उघडं टाकलं त्या दिवशीचा. परवाच्या शनिवारी पुन्हा फटाके झाले, तो पोत्यांमागे गेला, थरथरला, अर्ध्या तासानं झोपला. रविवारी सकाळी काकू अंडी घेऊन आल्या. हल्ली वाघ्याच्या शिकवणीची अंडी मी त्यांच्याकडूनच घेते. पैसे मोजून घेतले आणि आत डोकावून म्हणाल्या, "काल एवढं वाजत होतं, मी खुराड्यापाशी बसून राहिले. कुठं होतं गं हे?" मी पोत्यांकडे बोट दाखवलं.