सोम्याचे नाव

वारली पाड्यावर सोमवारी जन्मलेल्या मुलाला सोम्या म्हणतात, बुधवारी जन्मलेल्याला बुध्या. तलासरी-डहाणूकडचा असा एखादा सोम्या वसई-मुंबईच्या शाळेत येतो, तेव्हा हजेरीच्या वेळी वर्गात खसखस पिकते. हळूहळू तो आपले नाव पुटपुटू लागतो. हसणाऱ्यांत आपलीही मुले असतात. आपल्या कित्येक आजोबांचे दोमिंगो हे नावही पोर्तुगीज भाषेत 'रविवार'च आहे, हे त्यांना आपण कधी सांगितलेले नसते.

हा आरोप आम्ही परक्यांवर करीत नाही, स्वतःवर करीत आहोत. राज्यघटनेच्या ३०व्या कलमाच्या आधारे आपण आपल्या शाळा चालवितो आणि तो आपला हक्कच आहे. परंतु त्याच्या शेजारचे २९वे कलम नागरिकांच्या प्रत्येक समूहाला स्वतःची भाषा, लिपी व संस्कृती जतन करण्याचा हक्क देते. एक कलम पाळावे आणि दुसरे विसरावे, हा न्याय नव्हे.

कोणी म्हणेल, "आमच्या शाळेच्या भिंतीवर वारली चित्रे आहेत, स्नेहसंमेलनात तारपाही वाजतो." वाजतो खरा. पण एक दिवस टाळ्या आणि वर्षभर 'गावंढळ' ही हाक, याला सन्मान म्हणत नाहीत. जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांची कला आपण भिंतीवर घेतली, त्यांच्या लेकरांची बोली मात्र वर्गाबाहेर ठेवली.

दुसरा आक्षेप पोटाचा: प्रमाण मराठी व इंग्रजी आल्यावाचून नोकरी कशी मिळणार? त्या भाषा आल्याच पाहिजेत. पण त्यासाठी घरच्या भाषेची लाज का वाटावी? सामवेदी व वाडवळी बोलीवरून शहरात आपलीही थट्टा झाली. ती चुकविण्यासाठी आपल्यातील अनेकांनी मुलांशी घरात ती बोली बोलणे सोडले आणि आज तीच जगविण्यासाठी आपण मेळावे भरवितो. आपली जखम अजून भरलेली नसताना तीच दुसऱ्याच्या लेकराला करावी काय?

मूळ इंग्लंडचे फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, इथल्या लोकांची भाषा शिकले आणि १६१६ साली त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. समुद्रापलीकडून आलेल्या माणसाला जे साधले, ते तलासरीपासून काही तासांवरच्या शिक्षकाला अशक्य नाही. त्याने वारलीतील शंभर शब्द तरी शिकावेत, अशी मागणी आपण येत्या पालकसभेत करू या.

उत्तम मेंढपाळ आपली मेंढरे नावाने ओळखतो, असे आपण प्रवचनात ऐकतो. मग सोम्याला आपण त्याच्याच नावाने, न हसता, हाक मारू शकणार नाही काय?