कंधारमार्गे लातूर

नांदेडहून लातूरला जायचे म्हटले की आता कुणी वाट विचारीत नाही. राष्ट्रीय महामार्ग 361 लोहा, अहमदपूर, चाकूर असे करीत सरळ लातूरला नेऊन सोडतो. अंतर सुमारे 140 किलोमीटर. बरी गाडी आणि शांत डोक्याचा चालक असेल, तर अडीच-तीन तासांत माणूस घरून घरी पोचतो. टोल फास्टॅगमधून परस्पर कापला जातो, खिशात हात घालावा लागत नाही. तेव्हा कुणी मुद्दाम वाकड्या वाटेने जायचे म्हणतो, त्या वेळी घरातले त्याच्याकडे संशयानेच पाहतात.

एका 79 वर्षांच्या आजींकडे घरच्यांनी तसेच पाहिले होते. नातीच्या लग्नासाठी त्यांना नांदेडहून लातूरला जायचे होते. दोन वर्षांपूर्वी खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झालेली, रक्तदाबासाठी दोन गोळ्या, त्यातली एक लघवी वाढवणारी, आणि मधुमेहाची ग्लिमेपिराइड. प्रवासाला हरकत नाही ना, एवढे विचारायला त्यांचा मुलगा त्यांना घेऊन आला होता. हरकत नाही, मोठ्या रस्त्याने न्या, असे मी म्हणालो. त्यावर आजी शांतपणे म्हणाल्या, "डाक्टरसाहेब, लातूरला लवकर पोचून मला काय करायचंय? मला कंधारावरून न्या म्हणा. माझा भाऊ आहे तिकडं."

भाऊ 84 वर्षांचे आणि अंथरुणाला खिळलेले. कंधारच्या पुढे आडबाजूला गाव. मी आधी 'नको' म्हणालो. वाचकहो, हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण डॉक्टरांना 'नको' म्हणणे फार सोपे असते. 'नको' म्हटल्याने आमच्यावर काहीच येत नाही. आजींनी वाद घातला नाही, केवळ पदर सावरून उठू लागल्या. मुलगा मात्र बसून राहिला आणि म्हणाला, "कसं न्यायचं ते सांगा, सर." मग आम्ही कागद घेतला.

नांदेडहून कंधार, पुढे जांब, जळकोट, उदगीर आणि तेथून नळेगावमार्गे लातूर असा हा प्रवास पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास होतो. म्हणजे मोठ्या रस्त्यापेक्षा तीस-चाळीस किलोमीटर अधिक. टोल वाचेल म्हणून कुणी या वाटेने निघणार असेल, तर त्याने हिशोब करून पाहावा. जादा अंतराला अडीच-तीन लिटर पेट्रोल लागते. वाचलेले पैसे बहुधा तेथेच जातात. ही वाट पैशांसाठी धरायची नाही. ती धरायची थांबण्यासाठी. महामार्गावर गाडी थांबवणे जिवावरचे काम असते, आणि वृद्ध शरीराची प्रवासातली पहिली गरज थांबणे हीच आहे. तरीही रस्त्यांची कामे आणि नाके बदलत असतात, म्हणून आदल्या रात्री मोबाइलच्या नकाशात टोल टाळण्याचा पर्याय निवडून वाट एकदा पाहून ठेवावी आणि त्या बाजूच्या नातेवाइकाला फोन करून रस्त्याची खरी अवस्था विचारावी. खड्डा कुठे आहे हे नकाशा सांगत नाही, मावसभाऊ सांगतो.

खड्ड्यांचे मी गमतीने बोलत नाही. हाडे ठिसूळ झालेल्या व्यक्तीला, विशेषतः साठी ओलांडलेल्या स्त्रीला, मागच्या बाकावर बसून एखादा गतिरोधक वेगात ओलांडला गेला, तर त्या एका उसळीने मणका दबून मोडू शकतो. पडावे लागत नाही. पाठीत कळ आली, आठवडाभर शेकून पाहिले आणि मग क्ष-किरण काढल्यावर मणका चेपलेला दिसला, असे रुग्ण मी पाहिले आहेत. मागच्या चाकांजवळची जागा सर्वांत वाईट. म्हणून वयस्क माणसाला पुढे, चालकाशेजारी बसवावे. खुब्याची शस्त्रक्रिया झालेली असेल तर खुर्ची शक्य तितकी मागे सरकवावी आणि बुडाखाली घट्ट उशी द्यावी, म्हणजे गुडघे खुब्यापेक्षा खाली राहतील. आत बसताना आधी पाठमोरे होऊन टेकावे, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत. उतरताना उलट क्रम: दोन्ही पाय बाहेर, जमिनीवर टेकवून मिनिटभर बसून राहावे, मग उठावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याने गाडीतून एकदम उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते आणि दुसरा खुबा मोडायला तेवढे पुरते. पट्टा बांधावाच, त्याचा खालचा भाग पोटावर न ठेवता कमरेच्या हाडांवर बसवावा.

आता ज्या विषयावर घरात कुणी मोकळेपणाने बोलत नाही, तो. आपल्याकडच्या वयस्क स्त्रिया प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाहीत. वाटेत जागा मिळेल की नाही, सुनेला कसे सांगावे, मुलाला गाडी थांबवायला कसे म्हणावे, या संकोचापोटी त्या घशाला कोरड पडली तरी गप्प बसतात. प्रोस्टेटचा त्रास असलेले आजोबाही हेच करतात. त्यातून रक्तदाब उतरतो, लघवीला जळजळ सुरू होते, आणि लग्नघरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी ताप. यावर उपाय एकच: थांबे आधी ठरवावेत आणि ते प्रवाशाला आधीच सांगावेत. 'लागली तर सांग' हे वाक्य उपयोगाचे नाही. 'तासाभराने कंधारला थांबणार आहोत' हे उपयोगाचे.

आजींच्या बाबतीत लघवी वाढवणारी गोळी सकाळी न घेता भावाच्या घरी पोचल्यावर घ्यायची, असे मी ठरवून दिले, कारण तेथे दोन तास मुक्काम होता. हा बदल मी त्यांचे हृदय आणि पायांची सूज तपासून केला होता. ज्यांना दम लागतो किंवा हृदयाचा अशक्तपणा आहे, त्यांनी असा बदल आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. त्या घरी शौचालय आहे का, हेही मुलाने फोन करून विचारले. आहे म्हणाले. तेव्हा आजीच म्हणाल्या, "पण ते उकिडवं बसायचं आहे ना?" आम्हा दोघांच्याही डोक्यात हे आले नव्हते. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर उकिडवे बसणे त्यांना वर्ज्य होते. मग घडीची कमोड खुर्ची डिकीत गेली. अशी खुर्ची घरी असेल तर ती बॅगांच्या आधी डिकीत ठेवावी आणि बरोबर एक जुनी चादर आडोशाला.

औषधांचे थोडक्यात सांगतो. ती हातातल्या पिशवीत असावीत, डिकीत नव्हे. इन्सुलिन उभ्या गाडीत उन्हात राहू देऊ नये आणि बर्फालाही चिकटवू नये. ओल्या फडक्यात गुंडाळलेले लहान मातीचे मडके हे जुने साधन आजही चांगले काम देते. गाडी लागू नये म्हणून दुकानातून प्रोमेथाझिनची, म्हणजे अ‍ॅव्होमिनसारखी गोळी आणून आजी-आजोबांना देण्याची पद्धत मला अजिबात पसंत नाही. या वयात तिने गुंगी येते, माणूस बरळू लागतो, तोल जातो, आणि प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडते. पुढची जागा, थोडी उघडी काच, हलका नाश्ता आणि दूरवर नजर एवढ्यावर बहुतेकांचे भागते.

दिवस डिसेंबरचा होता आणि या वाटेला तो उत्तम. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तूर पिवळी फुलते, पुढे हरभरा आणि ज्वारी. बालाघाटच्या उतारांचा पावसाळी हिरवा रंग तोवर गेलेला असतो. परंतु भर पावसाळ्यात वयस्कांना या अंतर्गत रस्त्यांवर आणू नये. 2025 च्या पावसाळ्यात मुखेड तालुक्यात आणि पुढे सगळ्या मराठवाड्यात पाण्याने काय केले ते आपण पाहिले आहे. पुलावरून पाणी वाहत असेल तर परत फिरावे, मग लग्न कुणाचेही असो. सोयाबीनच्या काढणीचे दिवसही दम्याच्या रुग्णांनी टाळावेत. मळणीयंत्राची धूळ रस्त्यावर भरून राहते. आणि उसाच्या हंगामात दिवस मावळल्यावर या वाटेवर असूच नये. मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली अंधारात दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून आम्ही ठरवले की सूर्य वर आल्यावर, आठला निघायचे आणि पाचच्या आत लातूर.

कंधारला पहिला थांबा. येथला किल्ला भुईकोट आहे, भोवती खंदक. आतले दगड उंचसखल असल्याने आजींना आत नेऊ नका असे मी सांगितले होते. त्यांनी तो बाहेरूनच पाहिला. राष्ट्रकूटकालीन जगत्तुंग समुद्र नावाचा तलाव मात्र गाडीजवळ खुर्ची टाकून पाहता येतो. ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी मानसपुरीला क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीचे अवशेष पाहावेत. पण या वाटेचे खरे वैभव मला विचाराल तर गुरे. कंधारकडची तांबडीलाल लाल कंधारी, आणि उदगीरच्या बाजूला सरकावे तशी काळी-पांढरी देवणी. शेतकरी घरातल्या कुठल्याही आजोबांना पुढच्या खिडकीशी बसवून विचारा, हा वानेरा की शेवरा की बालंक्या? स्मरणशक्ती हरवत चालली म्हणून ज्यांना माझ्याकडे आणतात, तेही याचे उत्तर अचूक देतात. (आणि मुलाला येत नाही म्हणून खूष होतात.)

भावाच्या घरी ठरलेले दोन तास साडेतीन झाले. त्याबद्दल मी काही बोलत नाही. भाऊ त्यानंतर दोन महिन्यांनी गेले.

चूक झाली ती जेवणाची. मधुमेहाची गोळी सकाळी घेतलेली, न्याहरी सातची, आणि बोलण्याच्या नादात भावाच्या घरी चहाशिवाय काही पोटात गेले नाही. 'जेवायला उदगीरलाच बसू' असे ठरवून सगळे निघाले. जळकोटच्या अलीकडे आजी गप्प झाल्या. मुलाला वाटले, भावाला पाहून मन भरून आले असेल, पडू दे डोळा. मागे बसलेल्या सुनेचे लक्ष आजींच्या कपाळावरच्या घामाकडे गेले. डिसेंबरात, काच उघडी असताना घाम. तिने गाडी थांबवायला लावली. आजी हाकेला ओ देत होत्या, पण शब्द जड येत होते. बोटातून रक्त काढून पाहिले, साखर 52. आजींना घोट गिळता येत आहे हे पाहून तिने तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, 84 झाली, मग डब्यातली भाकरी खाऊ घातली. हे सगळे तिला आदल्या दिवशी कागदावर लिहून दिलेले होते आणि तो कागद तिच्या पर्समध्ये होता. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीचा परिणाम बराच वेळ टिकतो, साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून उदगीरला आणि लातूरला पोचल्यावरही तिने तपासणी केली.

प्रवासात मधुमेही माणूस गप्प झाला तर तो झोपला असे गृहीत धरू नये. हाक मारावी, उत्तर नीट येते का पाहावे. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात काहीही घालू नये. 108 ला फोन करावा. चॉकलेट सावकाश चढते, साखर किंवा ग्लुकोजची पूड बरी. जेवणाची वेळ ठिकाणावर न ठरवता घड्याळावर ठरवावी.

त्या दिवशी उदगीरचा किल्ला राहिला. 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाविरुद्ध मोहीम मारली ती याच उदगीरला, आणि नातवाला तो दाखवायचा बेत होता; पण सुनेने ठामपणे नाही म्हटले, आणि तिचे बरोबर होते. चाकूर तालुक्यातल्या वडवळ नागनाथच्या संजीवनी बेटाकडे वळण्याचा मोह अनेकांना होतो. जरूर वळावे, टेकडी सुंदर आहे. तेथील वनस्पतींविषयी लोकांची श्रद्धा मोठी आहे. माझी विनंती एवढीच की ज्यांची किडनी नाजूक आहे किंवा जे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी कुणी हातावर ठेवलेला पाला खाऊ नये.

परतीचा प्रवास मात्र मी टोलच्या रस्त्यानेच करायला सांगितला होता. लग्नानंतर माणसे थकलेली असतात, निघायला उशीर होतो, अंधार पडतो. टोल भरतो तेव्हा आपण केवळ डांबर विकत घेत नसतो. त्या रस्त्यावर गस्त असते, रुग्णवाहिका असते, आणि राष्ट्रीय महामार्गावरून 1033 हा मदतीचा क्रमांक लागतो. जाताना सावकाश आणि उजेडी, येताना सरळ आणि लवकर. मार्गशीर्षाच्या अखेरीस माळेगावची यात्रा असते, तेवढे दिवस त्या रस्त्यावर गर्दी लक्षात घेऊन निघावे.

वाटेत मदत कुठे मिळेल तेही लिहून ठेवावे: कंधार आणि उदगीर येथे सरकारी रुग्णालये आहेत, दोन्ही टोकांना नांदेड आणि लातूरची वैद्यकीय महाविद्यालये. औषधांची यादी, आजारांची नावे आणि डॉक्टरांचा दूरध्वनी असा एक कागद प्रवाशाच्या खिशात आणि दुसरा चालकाजवळ.

घरी पोचल्यावरही पुढचे दोन आठवडे पायांकडे लक्ष असू द्यावे. तासन्‌तास बसून राहिल्याने पोटरीतल्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, किंवा अचानक दम लागला, तर प्रवासाचा शीण म्हणून तेल चोळत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. गाडीत बसल्या बसल्या दर पंधरा-वीस मिनिटांनी घोटे वर-खाली दहा वेळा हलवणे, ही यावरची सर्वांत स्वस्त खबरदारी. आजींनी ते केले. किती वेळा केले हे त्यांनी मला बोटांवर मोजून सांगितले, आणि माझ्या टेबलावर भावाच्या शेतातल्या हरभऱ्याची एक जुडी ठेवली.