डोमेन विकलं, पण ताबा कसा द्यायचा?



वापरात नसलेलं डोमेन विकून चार पैसे मिळतात, हे आता बऱ्याच जणांना माहीत झालंय. भाव कसा काढायचा यावर भरपूर बोललं जातं. पण सौदा ठरल्यावर नाव समोरच्याच्या हातात कसं द्यायचं, यावर कुणी बोलत नाही. माझं मत सरळ आहे: डोमेनच्या व्यवहारात माणूस भावामुळे कमी आणि क्रम चुकल्यामुळे जास्त बुडतो.

२०२४ च्या ऑक्टोबरमधलं जिओहॉटस्टार डॉट कॉमचं प्रकरण आठवा. दिल्लीतल्या एका डेव्हलपरने ते नाव आधीच घेऊन ठेवलं होतं. त्याच्याकडून ते दुबईतल्या दोन लहान भावंडांकडे गेलं आणि शेवटी वायकॉम१८ कडे. चर्चा सगळी ‘किती मिळाले असतील’ याचीच झाली. माझ्या दृष्टीने धडा वेगळा आहे. डोमेन म्हणजे रजिस्ट्रारच्या नोंदीतलं एक नाव. ती नोंद ज्याच्या नावावर, वस्तू त्याची. नोंद बदलली की मालक बदलला, पैसे आलेले असोत वा नसोत.

आणि हे फक्त मोठ्या कंपन्यांचं नाही. २०२३ मध्ये आपल्या शहराचं नाव अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झालं. ज्यांच्या डोमेनमध्ये ‘औरंगाबाद’ आहे, त्यांच्यासमोर प्रश्न उभा आहेच: जुनं नाव ठेवायचं, सोडायचं की विकायचं?

आधी बघा, नावासोबत आणखी काय जातंय

सगळ्यात मोठा धोका इथे आहे. तुमचा ईमेल त्याच डोमेनवर असेल, तर नवा मालक तोच ईमेल पत्ता पुन्हा तयार करू शकतो. मग ‘पासवर्ड विसरलात?’ वर क्लिक केलं की लिंक जाणार त्याच्याकडे. जीएसटी पोर्टल, उद्यम नोंदणी, बँक, पेमेंट गेटवे, गुगल बिझनेस प्रोफाइल, इन्स्टाग्राम, सगळीकडचा ईमेल आधी बदला. जुने मेल आणि वेबसाइटचा बॅकअप घ्या. ग्राहकांना आणि सप्लायरला नवा पत्ता कळवा, नाहीतर त्यांची ऑर्डर आणि बिलं दुसऱ्याच्या इनबॉक्समध्ये पडतील.

म्हणूनच मी म्हणतो, चालत्या दुकानाचं नाव विकूच नका. डॉट कॉम सांभाळायला वर्षाला हजार-दीड हजाराच्या आसपास खर्च येतो. तेवढ्यासाठी गुलमंडीवरच्या तुमच्या जुन्या गिऱ्हाइकाला अनोळखी माणसाच्या वेबसाइटवर पाठवायचं का? जे नाव कधी धंद्यात वापरलंच नाही, ते खुशाल विका.

पैसे आधी, पण कुणाकडे?

विकणारा म्हणतो पैसे आधी, घेणारा म्हणतो नाव आधी. दोघंही आपल्या जागी बरोबर आहेत. रक्कम मोठी असेल तर यावर उपाय एस्क्रो. घेणारा पैसे तिसऱ्या, विश्वासाच्या कंपनीकडे भरतो, तुम्ही नाव देता, त्याने ‘मिळालं’ म्हटलं की कंपनी पैसे तुम्हाला सोडते. फी लागते, ती कुणी भरायची हे आधीच ठरवा. समोरच्याने पाठवलेल्या एस्क्रोच्या लिंकवर मात्र क्लिक करू नका. खोट्या साइट असतात. पत्ता स्वतः टाइप करा.

सौदा पाच-दहा हजारांचा असेल तर एस्क्रो परवडत नाही, हे मान्य. मग समोरासमोर बसा आणि पैसे बँकेत घ्या. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. स्वतःचं खातं उघडून जमा दिसली की मगच पुढे. चेक असेल तर वटेपर्यंत थांबा. आणि पैसे घेताना यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. कुणी टाकायला सांगितला तर तिथेच उठा.

ताबा देण्याचे दोन रस्ते

दोघांचं खातं एकाच रजिस्ट्रारकडे असेल तर ‘पुश’ करता येतं. नाव तुमच्या खात्यातून त्याच्या खात्यात जातं, बहुतेक वेळा काही मिनिटांत. छोट्या सौद्याला हाच रस्ता चांगला. घेणाऱ्याला तिथे खातं उघडायला सांगा, ते सहसा फुकट असतं.

रजिस्ट्रार वेगळे असतील तर डोमेनचं लॉक काढायचं, ऑथ कोड घ्यायचा आणि तो घेणाऱ्याला द्यायचा. हा कोड म्हणजे घराची किल्ली. पैसे खात्यात किंवा एस्क्रोमध्ये आल्याशिवाय तो व्हॉट्सअॅपवर टाकू नका. डॉट कॉमच्या ट्रान्सफरला साधारण ५ ते ७ दिवस लागतात. नाव नुकतंच नोंदवलेलं किंवा ट्रान्सफर झालेलं असेल तर ६० दिवस ते दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलत नाही. मालकाचं नाव बदललं तरी बरेच रजिस्ट्रार असंच लॉक लावतात. त्यामुळे तारखा आधी तपासा, मगच शब्द द्या. मुदत संपायला आठवडा उरला असेल तर आधी रिन्यू करा.

एक गोष्ट अजिबात करू नका: स्वतःच्या खात्याचं लॉगिन देणं. त्यात तुमची बाकीची डोमेन असतात, कार्डही जोडलेलं असतं. शिवाय नोंदीत मालक तुम्हीच राहता. उद्या त्या साइटवर काही फसवणूक झाली तर पहिली विचारणा तुमच्याकडे होईल.

आणि कागद

डोमेनचं नाव, रक्कम, तारीख, दोघांचं नाव-पत्ता आणि ‘या तारखेपासून जबाबदारी घेणाऱ्याची’ हे एक वाक्य. एका पानात होतं. बिल आणि कराचं तुमच्या सीएला विचारा. ट्रान्सफर पूर्ण झाल्याचा मेल जपून ठेवा.

‘अहो, ओळखीतलाच माणूस आहे’ हे मी रोज ऐकतो. ओळखीतला आहे म्हणूनच लिहा. भांडण झालं तर अनोळखी माणसाशी फक्त पैसे जातात, ओळखीच्याशी नातंही जातं. प्लॉट विकताना आपण ‘ओळखीतला आहे’ म्हणून रजिस्ट्री टाळतो का?

आज एक काम करा. तुमच्या डोमेनच्या खात्यात जा आणि बघा, मालक म्हणून कुणाचं नाव आहे. तुमचं, की वेबसाइट बनवून देणाऱ्याचं? दुसऱ्याचं असेल, तर विकण्याचं नंतर बघू. आधी ते नाव तुमच्या नावावर करून घ्या.