‘जुळत नाही’ एवढ्याने भागत नाही

संगणकाच्या आज्ञावली हा मराठीच्या अध्यापकांचा प्रांत नव्हे, असे आम्हांला एका अभियंता-स्नेह्याने हसत सुनावले. त्या हसण्याला उत्तर देणे आम्हांला अगत्याचे वाटते; कारण ज्या प्रश्नावरून तो हसला, तो प्रश्न मुळात भाषेचा आहे.

प्रसंग असा. आम्ही नागपुरात मराठी शिकवणारे तिघे अध्यापक. आमच्या विद्यार्थ्यांनी वैदर्भी बोलण्यातल्या शब्दांची एक सूची जमवली आणि संगणकशास्त्राच्या मुलांनी तिच्यासाठी शोधयंत्रणा लिहिली. सोबत युनिट टेस्टही लिहिल्या, म्हणजे आज्ञावलीचा एकेक लहान भाग अपेक्षेप्रमाणे वागतो की नाही हे तपासणाऱ्या छोट्या चाचण्या. त्यांतली एक चाचणी पडली. अहवाल होता: अपेक्षित ‘ऑटो’, मिळाले ‘आॅटो’. (पुण्याची रिक्षा आमच्याकडे ऑटो असते, हे वाचक जाणतातच.) आमच्या पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसत होते. दोन दिवस मुले त्या ओळीकडे पाहत बसली.

उलगडा नंतर झाला. युनिकोडमध्ये ‘ऑ’ या स्वराला ०९११ हा स्वतंत्र संकेतांक आहे. जुन्या फाँटांतून रूपांतरित झालेल्या मजकुरात तोच स्वर ‘आ’ (०९०६) आणि वर चंद्र (०९४५) असा दोन संकेतांकांनी लिहिलेला होता. डोळ्याला एक, यंत्राला दोन. युनिकोडचे अधिकृत समरूपीकरणही हा भेद मिटवत नाही. तेव्हा चाचणी पडली हे योग्यच झाले. आमचा आक्षेप तिच्या पडण्याला नसून तिच्या बोलण्याला आहे. दिसायला सारख्या दोन गोष्टी शेजारी ठेवून ‘या सारख्या नाहीत’ म्हणणारा अहवाल हा अहवाल नव्हे, ते कोडे आहे. ‘पहिल्या स्थानी ०९११ हवा होता, ०९०६ व ०९४५ मिळाले’ एवढे एक वाक्य त्याने लिहिले असते, तर दोन दिवस वाचले असते.

या क्षेत्रातल्या जाणत्यांना हे ठाऊक नाही असे नाही. केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ साली जेयुनिट रचले. पुढे हॅमक्रेस्ट हे मॅचरांचे ग्रंथालय आले. मॅचर म्हणजे ‘जुळते की नाही’ हे ठरवणारा लहानसा निकष. हॅमक्रेस्टमधला मॅचर केवळ होय-नाही सांगून थांबत नाही. आपली अपेक्षा काय होती आणि प्रत्यक्ष वस्तू कोठे चुकली, हेही त्याला शब्दांत मांडता येते. याचा अर्थ, निकष आणि निकालपत्र ही एकाच रचनेची दोन अंगे आहेत, हा विचार तेथे रुजलेला आहे. मग मराठी मजकुराच्या वाट्याला मुके निकालपत्र का यावे?

जेयुनिट ४ दोन शब्दांतला फरक चौकोनी कंसात दाखवते, हे चांगलेच आहे. परंतु ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांची तुलना करताना ते संकेतांक मोजते, अक्षर पाहत नाही. परिणामी कंस पडतो तो ‘ऱ’ किंवा ‘र’ याभोवती, आणि पुढचा हलन्त आधारावाचून लोंबकळतो. अक्षर हा मराठी वाचकाचा एकक आहे. तोच मधोमध तोडून फरक ‘दाखवणे’ म्हणजे वाचकाला अंधारात ढकलणे होय.

आमचे स्नेही म्हणतात, “मग निकष सैल करा. न दिसणारी चिन्हे पुसून टाका, प्रश्न मिटेल.” येथेच आमचा तीव्र मतभेद आहे. ‘दऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो: एक ‘ऱ’ला हलन्त जोडून, दुसरा ‘र’, हलन्त आणि त्यामागे न दिसणारे एक जोडचिन्ह योजून. ते अदृश्य चिन्ह कचरा समजून पुसले की डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो आणि आचाऱ्यांना दिलेले आमंत्रण आचार्यांना पोचते. एक निकष इतका ताठ की ‘ऑटो’ला ‘ऑटो’ म्हणून ओळखत नाही. दुसरा इतका ढिला की स्वयंपाकी आणि गुरू यांत भेद मानत नाही. कोणता भेद लेखनाचा आणि कोणता अर्थाचा, हे सांगणे कोणाचे काम? ते मराठीच्या अध्यापकाचेच काम आहे. ‘संकेतांकांनी समान’ आणि ‘वाचकासाठी समान’ असे दोन वेगळे मॅचर हवेत, त्यांची नावेही तशी स्वच्छ हवीत, आणि दुसऱ्याचे नियम भाषा जाणणाऱ्याने लिहावेत.

हे काम आम्हांला परकेही नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्या पानांच्या तळाशी कोणत्या पोथीत कोणता पाठ आहे, याची नोंद असते. ‘पोथ्या जुळत नाहीत’ एवढ्यावर कोणी संपादक थांबला नाही. लीळाचरित्राचे संपादक वि. भि. कोलते यांच्या नागपुरात तरी पाठभेद म्हणजे काय हे कोणी आम्हांला शिकवू नये.

तथापि बोट दुसऱ्याकडे दाखवताना स्वतःचा हातही पाहिला पाहिजे. आम्ही उत्तरपत्रिकांच्या समासांत लाल शाईने काय लिहितो? ‘अशुद्ध’. ‘विस्तार हवा’. ‘असंबद्ध’. काय अपेक्षित होते, काय मिळाले, वाट नेमकी कोणत्या वाक्यापाशी चुकली, यांपैकी काहीही नाही. ज्या मुक्या अहवालावर आम्ही येथे तुटून पडलो आहोत, तसे अहवाल आम्ही दर परीक्षेत गठ्ठ्यांनी लिहितो. विद्यार्थीही मग त्या मुलांसारखाच दोन शब्दांकडे पाहत बसतो आणि अखेर चूक आपल्या बुद्धीची समजून उठतो.

म्हणून आमचा आग्रह दुहेरी आहे. यंत्र घडवणाऱ्यांनी मराठीचे निकष मराठी वाचणाऱ्यांना विचारून ठरवावेत. आणि आम्ही वाचणाऱ्यांनी, कोणालाही नापास ठरवण्यापूर्वी, कारणाचे एक पूर्ण वाक्य लिहिण्याची सवय स्वतःला लावून घ्यावी.