इंजिनाच्या कामाचे खरे बिल



मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. त्या वेळी वर्तमानपत्रांतून तिच्याविषयी बरेच गोड लिहून आले. परंतु ज्या घरांची चूल त्या गाडीवर पेटत होती, त्या घरांना आठवते ते मिस्त्रीचे वाक्य, "इंजिन खोलावे लागेल." हे वाक्य ऐकले की मुलांची फी, बहिणीचे लग्न, गावची वर्गणी सारे पुढे ढकलले जाई.

आज कोणी विचारील, एवढा त्रास होता तर नवी गाडी का घेतली नाही? त्याचे उत्तर त्या काळात आहे. १९६९ साली सरकारने मोटारींच्या किमती ठरवून दिल्या, तेव्हा फियाटची किंमत पंधरा हजारांच्या आसपास होती. पैसे असले तरी गाडी लगेच मिळत नसे, नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. जुनी गाडी नव्याच्या किमतीला, कधी त्याहूनही जास्तीला विकली जाई. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली तीही सुमारे ४८,००० रुपयांना. कष्टकऱ्याला हे कुठून परवडणार? म्हणून आहे तेच इंजिन पुन्हा उभे करायचे, हा एकच मार्ग होता.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या या गाडीचे पेट्रोल इंजिन चार सिलिंडरचे, १०८९ सी.सी.चे. सिलिंडरचा बोअर मुळात ६८ मिलिमीटर. पिस्टन वर्षानुवर्षे घासून तो झिजतो, रिंगा सैल होतात, गाडी ऑइल खाऊ लागते आणि मागून निळसर धूर निघतो. मग ब्लॉक लेथवाल्याकडे नेऊन बोअर थोडा वाढवायचा आणि त्या मापाचे मोठे पिस्टन घालायचे. असे काही वेळा झाले की भिंत पातळ होते, मग स्लीव्ह बसवायची. क्रँक झिजला तर तोही घासून नवे बेअरिंग घालायचे. क्रँकला हात न लावता केले ते हाफ इंजिन, सगळे केले ते फुल इंजिन. बिल कमी व्हावे म्हणून कुणी चोरबाजारात, कुणी कुर्ल्याच्या भंगारात जुने सुटे भाग शोधत फिरे.

हे झाले गॅरेजचे बिल. पण तेवढाच खर्च होता का? नाही. आपण कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडू. आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत. ज्याने त्याने आपले घालून पाहावेत.

समजा, गॅरेजचे बिल ६,००० रुपये झाले. गाडी आठ दिवस उभी राहिली आणि रोजचे १५० रुपये बुडाले, ते झाले १,२००. सहा हजार हातात नव्हते, म्हणून सावकाराकडून शेकडा तीन रुपये महिना व्याजाने काढले आणि दर महिन्याला ६०० प्रमाणे दहा महिन्यांत फेडले. त्याचे व्याज झाले ९९०. पैसे नाहीत म्हणून काम तीन महिने लांबवले, त्या नव्वद दिवसांत झिजलेल्या इंजिनाने रोज १५ रुपयांचे पेट्रोल-ऑइल जादा खाल्ले, ते झाले १,३५०. एकूण बेरीज ९,५४० रुपये! म्हणजे बिल सहा हजारांचे आणि खर्च साडेनऊ हजारांचा. वरचे साडेतीन हजार मिस्त्रीने घेतले नाहीत. त्यातले बरेचसे हाताशी पैसे नसल्यामुळे गेले.

यात आणखी एक माणूस आहे, त्याचे नाव कोणत्याच बिलावर नसे. तो म्हणजे दुसऱ्याची गाडी चालवणारा ड्रायव्हर. इंजिनाचा खर्च मालकाचा, हे खरे. पण गाडी गॅरेजमध्ये गेली की त्याची त्या दिवसाची कमाई शून्य. काम होऊन आल्यावरही इंजिन बसेपर्यंत गाडी सांभाळून, हळू चालवायची, म्हणजे फेऱ्या कमी. त्याची घरवाली तेवढे दिवस वाण्याकडे उधारीच्या वहीत लिहून आणी. ती उधारीसुद्धा इंजिनाच्याच खर्चात धरायला हवी.

कंपन्यांच्या हिशेबात 'घसारा' नावाचे एक खाते असते. यंत्र आज चालू असले तरी ते रोज थोडे थोडे झिजते, म्हणून त्या झिजेची रक्कम दरवर्षी खर्चात लिहितात. आपल्या घरात मात्र रोजची सगळी कमाई नफाच आहे असे समजून आपण ती खर्च करतो. त्या कमाईत इंजिनाची झीजही आहे, हे विसरतो. वरच्याच उदाहरणात त्या माणसाने रोज १० रुपये बाजूला टाकले असते, तर महिन्याचे पंचवीस दिवस धरून दोन वर्षांत बरोबर ६,००० जमले असते. काम वेळेवर झाले असते आणि सावकाराची पायरी चढावी लागली नसती.

पद्मिनी गेली म्हणून हा हिशेब जुना झालेला नाही. आज आपल्या वस्तीत कुणाची सीएनजी रिक्षा आहे, कुणाचा टेम्पो आहे, कुणाचा मुलगा मोटारसायकलवर घरोघर पार्सले पोचवतो, कुणी बहीण शिलाई मशीनवर घर चालवते. रिक्षाचे इंजिन, मोटारसायकलचा क्लच, मशीनची मोटर, ई-रिक्षाची बॅटरी हे सारे रोज झिजते आहे.

म्हणून आज रात्री एवढेच करा. घरात जे यंत्र कमावते, त्याचे मोठे काम किती वर्षांनी निघते आणि त्याला किती लागतात, हे मिस्त्रीला विचारून लिहून काढा. त्या रकमेला कामाच्या दिवसांनी भागा. जो आकडा येईल तेवढे पैसे रोज संध्याकाळी घर-खर्चाआधी वेगळ्या डब्यात टाका, महिनाअखेरीस बँकेत भरा. तो डबा घरातल्या बाईच्या ताब्यात द्या आणि सणावारालाही त्याला हात लावू नका. त्यातले पैसे यंत्राचे आहेत, आपले नाहीत.