वीज सात-बारा पाहून पडते काय?



मृगाच्या आगेमागे आणि पुन्हा सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत वीज पडून आपली माणसे मरतात. पेपरात चार ओळी येतात, पंचनामा होतो, पुढारी चेक देताना फोटो काढून घेतात. गाव म्हणते, त्याची वेळच भरली होती. आणि सरकारी पत्रक शहाणपण शिकवते : विजा चमकताना झाडाखाली थांबू नका.

ठीक आहे, नाही थांबत. मग थांबायचे कुठे? भिवापूर-कुहीकडे वावरापासून गाव दोन किलोमीटर, धुऱ्यावर एक निंब आणि कोपऱ्यात रानडुकरांच्या जागलीसाठी बांधलेले मचाण. रामटेक-मौद्याकडे रोवणीच्या बाया बांधीतल्या चिखलात पोटरीपर्यंत उभ्या. काटोल-नरखेडच्या संत्राबागेत तर झाडेच झाडे. पत्रक लिहिणाऱ्याने यातली एक जागा निवडून दाखवावी!

आम्ही शेतकीची पदवी घेतली. एकरी किती रोपे बसवायची ते शिकलो. आभाळ कडाडले तर निंदणाऱ्या वीस बायांना कुठे न्यायचे, हे कुणी शिकवले नाही. म्हणून थोडे इथेच सांगतो. झाडावर पडलेली वीज खोडावरून जवळच्या माणसावर उडी घेते आणि जमिनीतही पसरते. हा प्रवाह एका पायातून शिरून दुसऱ्यातून निघतो. बैलाच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून झाडाखाली बांधलेली जोडी जागीच जाते. मांडव, उघडा गोठा, केबिन नसलेला ट्रॅक्टर यांत रक्षण नाही. पक्क्या घरात किंवा काचा चढवलेल्या जीपमध्ये आहे. चमक दिसल्यापासून 30 सेकंदांत गडगडाट ऐकू आला की काम सोडायचे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वावरात परतायचे नाही. वीज लागलेल्याच्या अंगात करंट उरत नाही. त्याला शेणामातीत पुरत बसू नका. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला लागा आणि 108 ला फोन लावा.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे 2022 साली देशात नैसर्गिक आपत्तींत 8,060 माणसे गेली. त्यांतली 2,887 एकट्या विजेने. तरी 2021 ते 2026 या काळासाठी केंद्राने ठरवलेल्या मदतपात्र आपत्तींच्या यादीत कीड होती, हिमकडा होता, वीज नव्हती. महाराष्ट्र स्वतःच्या अखत्यारीत मृताच्या वारसाला 4 लाख देतो. गोपीनाथ मुंडे योजनेचे 2 लाख मात्र खातेदाराला आणि त्याच्या घरच्या एका माणसाला. त्याच वावरात निंदणारी भूमिहीन बाई मेली तर या योजनेतला छदामही नाही. वीज काय सात-बारा पाहून पडते?

पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने 'दामिनी' ॲप काढले. 20 ते 40 किलोमीटरच्या परिसरातल्या विजेचा इशारा मोबाईलवर येतो. काम चांगले आहे, नाही म्हणत नाही. पण रोवणीत बाईचे हात चिखलात आणि मोबाईल, असलाच तर, धुऱ्यावरच्या पिशवीत! इशारा ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून आला पाहिजे, आणि तो ऐकून पळायला शिवारात तडितरक्षक बसवलेली पक्की खोली पाहिजे. मेल्यावर लाखांची तरतूद करणाऱ्या सरकारला माणूस जिवंत असताना चार भिंती बांधता येत नाहीत?

आता जरा आपल्याच माणसांना. आभाळ भरून आले असताना "एवढी ओळ काढून घ्या" म्हणणारा मालक आपल्यातलाच आहे. तीन वाजता काम थांबले की अर्धी रोजी कापणाराही तोच. मग बाई कशाला वावर सोडेल? भाव मिळत नाही, रोजी परवडत नाही, हे आम्हाला कुणी सांगायला नको. त्यासाठीच आपण रस्त्यावर उतरलो. पण कापसाच्या भावातली तूट मजुराच्या जिवातून भरून काढायची नाही. विजेमुळे थांबलेल्या वेळेचीही पूर्ण रोजी द्यायची, असा ठराव या बैठकीत येणार आहे. ज्यांना तो मान्य नाही त्यांनी तसे उभे राहून बोलावे. आणि प्रत्येक तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी येताना यादी आणावी : कोणत्या शिवारातून पक्के घर पंधरा मिनिटांच्या चालीपेक्षा लांब आहे, आणि तिथे रोज किती माणसे राबतात. तीच यादी घेऊन आपण जिल्हाधिकाऱ्यांकडे जाणार आहोत.