खुर्ची भाड्याने मिळेल

हॉल तिकिटाचा हंगाम आला की आपल्या कॉलेजांत दरवर्षीचा एक सोहळा होतो. हॉल तिकीट पाहिजे तर ग्रंथालयाचा 'नो ड्यूज'चा शिक्का आणा. शिक्का पाहिजे तर नावावरची सगळी पुस्तकं जमा करा. वर्षभर पुस्तकाकडे ढुंकून न पाहिलेला पोरगा परीक्षेच्या धसक्याने का होईना ते उघडून बसतो, आणि नेमकं तेव्हाच आपण ते त्याच्या हातातून काढून घेतो. या आठवड्यात पुण्यातल्या एका कॉलेजच्या सूचनाफलकाचा फोटो एका वाचकाने मला पाठवला. सूचनेत शेवटची तारीख आहे, दर दिवसाचा दंड आहे, 'याची गांभीर्याने नोंद घ्यावी' आहे. शेजारीच दुसरी सूचना : सर्व विद्यार्थ्यांनी रोज किमान एकदा ग्रंथालयात येऊन दारावरच्या यंत्रावर ओळखपत्र दाखवावे. ही कशासाठी, हे या स्तंभाच्या वाचकांना सांगायला नको. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या 'नॅक'च्या अहवालात ग्रंथालयाचा रोजचा वापर किती, हे विचारलं जात आलं आहे. रकाना भरायचा तर डोकी मोजायला हवीत. थोडक्यात, पुस्तकं परत करा, पण तुम्ही येत राहा.

मी खवळलो ते मात्र या दोन सूचनांमुळे नाही. त्यांची आता सवय झाली आहे. फलकाच्या काचेवर, बाहेरून, कुणीतरी एक चिठ्ठी चिकटवली होती. 'शांत अभ्यासिका. सकाळी ६ ते रात्री १२. स्वतंत्र लॉकर.' खाली फोन नंबर. कॉलेजच्या ग्रंथालयाच्या सूचनेवर अभ्यासिकेची जाहिरात येते, आणि ती फाडावी असं शिपायापासून प्राचार्यांपर्यंत कुणालाही वाटत नाही.

सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता या भागात ज्यांचा वावर आहे त्यांना या अभ्यासिका माहीत आहेत. ज्यांचा नाही त्यांनी एकदा जिना चढून बघावं. जुन्या इमारतीचा दुसरा-तिसरा मजला, कुणाचा तरी फ्लॅट. दाराबाहेर चपलांचा ढीग. आत हॉलमध्ये प्लायवूडच्या फळ्या ठोकून केलेले कप्पे, प्रत्येकाला नंबर, एक ट्यूब, एक प्लग, एक खुर्ची. खुर्चीवर घरून आणलेली उशी. समोरच्या फळीवर महाराष्ट्राचा नद्यांचा नकाशा, कलमांची यादी, एखाद्या कप्प्यात आईवडिलांचा पासपोर्ट आकाराचा फोटो. कोपऱ्यात पाण्याचा फिल्टर, त्यावर 'फोन बाहेर जाऊन बोलावा'. महिन्याचे हजार-दीड हजार रुपये आगाऊ. पुस्तक? एकही नाही. फार तर दोन-चार वर्तमानपत्रं आणि मागच्या बॅचच्या मुलाने टाकून दिलेल्या नोट्स. ग्रंथपाल नाही, तालिका नाही. मालक महिन्यातून एकदा पैसे घ्यायला येतो.

आणि ही जागा भरलेली असते. इथे बसणारी सगळी पोरं एमपीएससीवाली आहेत, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा. कप्प्याकप्प्यांतून फिरलात तर एम. ए.ची मुलं दिसतील, बी. कॉम.ची शेवटच्या वर्षाची दिसतील, आणि त्यातल्या कित्येकांच्या खिशात चालत दहा मिनिटांवरच्या कॉलेजचं ओळखपत्र असेल. त्या कॉलेजच्या फीच्या पावतीवर ग्रंथालय शुल्काची ओळ असते. ती त्यांनी भरलेली असते. खाट भाड्याने, डबा भाड्याने म्हणावा तसा महिन्याच्या बोलीवर, आणि आता खुर्चीही भाड्याने. कॉट बेसिसवर चौघांत एक खोली घेऊन राहणाऱ्या मुलीला टेबल मिळणार कुठून?

आता ते दहा मिनिटांवरचं ग्रंथालय बघू. उंच छत, सागवानी टेबलं, संस्थापकांच्या तसबिरी, खिडकीबाहेर गुलमोहर. अशा वास्तूला अभ्यासिकेच्या मालकाने डोळे झाकून पागडी मोजली असती. पण वेळ दहा ते पाच, म्हणजे मुलं तासाला बसलेली असतात तो. दप्तर बाहेर ठेवायचं, ते ठीक; स्वतःचं पुस्तकही बाहेर ठेवायचं. का, तर आतलं आणि बाहेरचं मिसळेल. म्हणजे मुलाने आपल्या वह्या-पुस्तकांशिवाय तिथे बसून तसबिरी बघाव्यात. पावणेपाचला शिपाई खिडक्या लावायला घेतो, एकेक, जरा जोरात. मग पंखे. मागच्या टेबलावरचा पंखा पहिला, कारण तिथे कुणीतरी बसलेलं असतं. रविवारी बंद, दुसऱ्या-चौथ्या शनिवारची खात्री नाही, आणि दिवाळीच्या सुट्टीत, जेव्हा वसतिगृहातली गावी न गेलेली मुलं मोकळी असतात, तेव्हा पूर्ण बंद.

ज्याच्याकडे एकही पुस्तक नाही त्याला कळलं आहे की मुलाला काय हवं : जागा, वेळ, प्लग, आणि 'ऊठ' न म्हणणारा माणूस. ज्यांच्याकडे हजारो पुस्तकं आहेत त्यांना हे कळलेलं नाही, असं मी म्हणणार होतो. पण कळलं नसेल यावर माझा विश्वास नाही. ग्रंथालयशास्त्राच्या प्रत्येक पदवीधराला रंगनाथन शिकवले जातात. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल, १९२४ साली गणिताची प्राध्यापकी सोडून त्या खुर्चीवर बसलेले. त्यांचे पाच सिद्धांत १९३१ साली छापून आले. पहिला, पुस्तकं वापरासाठी आहेत. इतका साधा की परीक्षेत त्यावर प्रश्न आला तर मुलं हसतात. पण या पहिल्या सिद्धांताखाली रंगनाथन कशाकशाबद्दल लिहितात ते बघा : ग्रंथालय गावात कुठे असावं, किती वेळ उघडं असावं, खुर्च्या-टेबलं कशी असावीत, तिथला माणूस कसा असावा. पुस्तक वापरलं जायचं तर वाचकाला बसता आलं पाहिजे, हे त्यांना दिसलं होतं. त्यांची जयंती आपण १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन म्हणून साजरी करतो. तसबिरीला हार, पुस्तकांचं प्रदर्शन, प्राचार्यांचं अध्यक्षीय भाषण, आणि पाच वाजता कुलूप.

कुलूप आलंच. नेहमीचे वाचक हसतील, हसू देत. कपाटांच्या कुलपांवर मी याआधी लिहिलं तेव्हा काही ग्रंथपालांची चिडून पत्रं आली. मुद्दा एकच : पुस्तक हरवलं तर भरपाई कोण करणार? निवृत्तीच्या वेळी साठा पडताळणीत पंचवीस पुस्तकं कमी भरली तर 'ना हरकत' अडकतं, या भीतीत माणूस तीस वर्षं काढतो. भीती खरी आहे. पण केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतला २१५ वा नियम जरूर वाचावा. वर्षभरात दिल्या-वापरलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ झाली, आणि त्यात लबाडी किंवा हलगर्जी नसेल, तर ते नुकसान वाजवी समजावं, असं तो सांगतो. हजार रुपयांवरचं किंवा दुर्मीळ पुस्तक गेलं तर मात्र चौकशी. जे सरकार टाचणीचा हिशेब मागतं, तेही इथे मान्य करतं की वापरलं तर थोडं हरवणारच. नियम केंद्राचा आहे, आपल्या अनुदानित कॉलेजांना तो थेट लागू नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्यातली अक्कल उसनी घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. बाकी ज्या कॉलेजच्या ग्रंथालयात काचेच्या कपाटांना कुलूप, तिथल्या प्राचार्यांच्या केबिनमध्ये हमखास नवा सोफा, असा माझा जुना सिद्धांत आहे. पुरावा नाही. अपवाद कळवावेत.

मधल्या काळात दिल्लीहून मोठी गोष्ट आली. 'एक राष्ट्र, एक सदस्यत्व' योजना : तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी, तीस प्रकाशक, तेरा हजारांच्या आसपास नियतकालिकं, १ जानेवारी २०२५ पासून. चांगलंच आहे. विद्यापीठातल्या संशोधकाला जो लेख विकत घेणं परवडत नव्हतं तो आता मिळतो. फक्त पहिल्या टप्प्यात ही योजना केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी आहे, आणि महाराष्ट्रातली बहुतेक मुलं शिकतात ती शिक्षण मंडळांच्या आणि प्रसारक मंडळांच्या कॉलेजांत. त्यांच्यासाठी इन्फ्लिबनेटची एन-लिस्ट ही ऑनलाइन ग्रंथसेवा आहे, थोड्या वर्गणीत. बऱ्याच कॉलेजांनी ती घेतलेली असते. तिचा पासवर्ड किती मुलांना दिला, हे विचारायचं नसतं.

सगळा दोष ग्रंथपालांच्या माथी मारावा असं नाही. अनेक कॉलेजांत ग्रंथपालाचं पद रिकामं आहे, जिथे आहे तिथे परिचर नाही, आणि जो एकटा उरलाय त्याला 'नॅक'च्या फायली, परीक्षेचं पर्यवेक्षण आणि ओळखपत्रांची छपाई हीच कामं. त्यातूनही माणसं मार्ग काढतात. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी एक ग्रंथपाल बाई बघितल्या आहेत. 'नो ड्यूज'चा फतवा त्यांच्याही कॉलेजात होता. त्या पुस्तक जमा करून घेत, शिक्का देत, आणि त्याच संध्याकाळी तेच पुस्तक त्याच मुलाला रात्रीपुरतं देत. सकाळी दहाला परत. टेबलावर त्यांची एक दोनशे पानी वही असायची. मुलाने मागितलं आणि मिळालं नाही, अशा प्रत्येक पुस्तकाचं नाव तीत. पुढच्या वर्षीची खरेदी त्या वहीवरून. प्रकाशकाचा माणूस कमिशनची यादी घेऊन आला की त्या वही उघडून त्याच्यापुढे सरकवत. 'नॅक'च्या कुठल्या रकान्यात ही वही बसते, ते त्यांनी मला विचारलं होतं. मलाही सांगता आलं नाही.

वाचनकक्ष संध्याकाळी उघडा ठेवायला नवी पदं लागतील, सरकार ती देणार नाही, म्हणून जमणार नाही, असं उत्तर ठरलेलं आहे. मग 'कमवा आणि शिका' कशासाठी आहे? कर्मवीरांच्या 'रयत'मधून आलेली ही कल्पना आज विद्यापीठांच्या योजनेत आहे, आणि त्या योजनेतली मुलं ग्रंथालयात कामही करतात. दिवसा. पुस्तकांच्या पाठीला लेबलं चिकटवायचं. त्यातलीच दोन मुलं सहा ते दहा दारावर बसवा. पुस्तक देवघेव बंद ठेवा हवी तर, कपाटांची कुलपंही राहू द्या, मी एक पाऊल मागे घेतो. फक्त टेबलं, दिवे आणि पंखे चालू, आणि स्वतःची पुस्तकं आत न्यायची मुभा. फाटकावर रखवालदार तसाही असतो, तेव्हा वसतिगृहातल्या मुलींना रात्री रस्ता ओलांडून तिसऱ्या मजल्यावर जावं लागणार नाही.

हे मी एका प्राचार्यांना सुचवलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विजेच्या बिलाचं काय, असं विचारलं. चार तास, वीस ट्यूब, दहा पंखे. समोरच्या अभ्यासिकेच्या मालकाला विचारा सर, त्याला पैशापर्यंत ठाऊक असेल.